आधी कारखाना, मग शहर: पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्याच्या नियोजनाचा आढावा

सकाळी सहाच्या सुमारास निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात, भोसरीत, मोशीत रस्त्याच्या कडेला माणसे उभी असतात. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. पहिल्या पाळीच्या बस येतात, भरतात आणि नाशिक रस्त्याने चाकणकडे निघतात. रात्रपाळी सुटलेली माणसे त्याच रस्त्याने उलट्या दिशेने घरी येत असतात. या वाटेत महापालिकेची हद्द संपते, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे पीएमआरडीएची, सुरू होते, मग ग्रामपंचायती, मग चाकण नगरपरिषद, मग एमआयडीसी. बसमध्ये डुलकी घेणाऱ्या कामगाराला या हद्दी ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच्या घराला पाणी किती येईल, खोली अधिकृत ठरेल की नाही आणि कामावर पोहोचायला किती वेळ लागेल, हे त्या हद्दींवरच ठरते.

पोलिसांनी हा पट्टा एक मानला आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी त्यात आली. पीएमपीची शहरबसही हद्द न पाहता चाकण गाठते. नगरनियोजनात मात्र हा भाग अजून तुकड्यातुकड्यांत आहे. पाणीकपात, पूररेषेतील बंगले, विकास आराखड्यावरच्या हरकती, चाकणची कोंडी या बातम्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर येतात. मला त्या एकाच गोष्टीचे भाग वाटतात: या पट्ट्यात कारखान्यांच्या जागेचे नियोजन वेळेवर झाले, कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या राहण्याचे झाले नाही. त्या अंगाने आज वाद कुठे येऊन ठेपला आहे, ते पुढे मांडले आहे.

माळरान ते महापालिका

इथला पहिला मोठा कारखाना सरकारी होता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पेनिसिलिन देशातच तयार व्हावे हा हेतू. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या जमिनींवर भूखंडांची आखणी झाली. मुंबईचा रस्ता आणि लोहमार्ग गावांना लागून, पवनेचे पाणी हाताशी, जमीन सपाट आणि मुंबईच्या मानाने स्वस्त. बजाज, टेल्को, बजाज टेम्पो असे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप त्यांच्या अवतीभवती उभी राहिली.

शहराची संस्था त्यानंतर आली. ४ मार्च १९७० रोजी अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी ती महापालिका झाली आणि १९९७ मध्ये आणखी गावे जोडली जाऊन हद्द १८० चौरस किलोमीटरच्या आसपास पोहोचली. लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे अडीच लाख होती. १९९१ मध्ये ती ५ लाख १७ हजार, २००१ मध्ये १० लाख १२ हजार आणि २०११ मध्ये १७ लाखांच्या पुढे गेली. एखादे गाव दहा वर्षांत दुप्पट होणे समजण्यासारखे आहे. पाच लाखांची वस्ती दहा वर्षांत दुप्पट होते तेव्हा कुठलाही आराखडा छापून येईपर्यंत जुना झालेला असतो.

पैशाची अडचण या महापालिकेला फारशी नव्हती. कारखान्यांच्या कच्च्या मालावरील जकातीने तिजोरी भरलेली असे. त्या बळावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचा दापोडी ते निगडी भाग ६१ मीटर रुंद झाला, उड्डाणपूल आणि उद्याने झाली. १ एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला आणि पुढे १ जुलै २०१७ पासून जीएसटीचे अनुदान. तेव्हापासून कारखान्यांच्या भरभराटीशी शहराच्या उत्पन्नाचे थेट नाते उरले नाही आणि मिळकतकर व बांधकाम परवानग्यांच्या शुल्काचे वजन वाढले. नियोजनाच्या चर्चेत हा मुद्दा क्वचित येतो. पण जे शहर बांधकामांच्या शुल्कावर चालते, ते बांधकामाचा वेग आवरायला सहज तयार होत नाही. आढावा घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

पेठेतले घर आणि गुंठ्यातले घर

कामगारांच्या घरांचा विचार मुळीच झाला नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १४ मार्च १९७२ रोजी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले ते त्यासाठीच: जमीन संपादित करायची, रस्ते-पाणी-ड्रेनेज आधी द्यायचे आणि मग कामगारांना परवडतील असे भूखंड व घरे वाटायची. निगडीतल्या प्राधिकरणाच्या पेठांतून आज फिरले तर ही कल्पना किती चांगली होती ते दिसते. काटकोनात रस्ते, दुतर्फा झाडे, शाळेला मैदान, चालायला पदपथ.

पण प्राधिकरणाची गती कामगारांच्या येण्याच्या गतीला पुरली नाही. संपादन रेंगाळले, न्यायालयात अडकले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के परतावा मिळावा ही मागणी पन्नास वर्षे चालू राहिली, कारण सुरुवातीच्या संपादनातील शेतकरी त्या लाभाबाहेर राहिले होते. ज्या जमिनींवर प्राधिकरणाची रेघ होती पण ताबा नव्हता, त्या शेतकऱ्याने गुंठा-दोन गुंठे करून विकल्या. साताऱ्याहून, सोलापूरहून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या कामगाराने स्टॅम्प पेपरवर त्या घेतल्या आणि वर पत्रा टाकला. नंतर स्लॅब, नंतर मजले. वाल्हेकरवाडी, थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, चिखली, मोशी, भोसरी अशी ही दुसरी नगररचना वाढली. २०१२ च्या सुमारास अशा अनधिकृत बांधकामांचा आकडा ६५ हजारांच्या वर सांगितला जात होता.

या घरांबाबत तीन भूमिका ठळक आहेत. नियमांचा आग्रह धरणारे म्हणतात की अग्निशमनाची गाडी वळत नाही अशा गल्ल्या कायम केल्या, तर नियम पाळणाऱ्याची ती फसवणूक ठरेल. उच्च न्यायालयानेही कारवाईचे आदेश दिले होते. दुसरी भूमिका रहिवाशांची: घर देणे ज्या संस्थेचे काम होते तिने ते दिले नाही, आम्ही पैसे मोजून जमीन घेतली, चोरली नाही. २०१७ मध्ये तीस मीटर रुंदीच्या एचसीएमटीआर या वर्तुळाकार रस्त्यासाठी घरांवर कारवाईच्या नोटिसा आल्या, तेव्हा घर बचाव संघर्ष समितीच्या आंदोलनात हाच युक्तिवाद होता. तिसरी भूमिका शासनाची, आणि ती दोन्हींच्या मधली: दंड घ्या, कायम करा. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांना शास्तीकर लागला, तो भरला गेला नाही, थकबाकी फुगत गेली आणि मार्च २०२३ मध्ये तो माफ झाला. २०१७ ची नियमितीकरण योजना होती, पण तिला प्रतिसाद अत्यल्प मिळाला, कारण तिच्या अटींत बसणारी घरेच थोडी होती. माझ्या मते सर्वांत मोठा धडा इथे आहे. नियमितीकरणाची चर्चा दंडावर आणि माफीवर अडकली. त्या गल्ल्या रुंद कशा करायच्या, तिथे शाळा कुठे बांधायची, या प्रश्नापर्यंत ती पोहोचलीच नाही.

जून २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झाले. विकसित भाग महापालिकेकडे आणि उरलेली मोकळी जमीन पीएमआरडीएकडे गेली.

याच्या जोडीला रेड झोन आहे. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा भांडारापासून दोन हजार यार्डांच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. दिघीच्या भांडाराभोवतीही तसाच पट्टा. निगडी, तळवडे, रुपीनगर, भोसरी, चऱ्होली यांचे भाग त्यांत येतात. मनाई असलेल्या जमिनीची किंमत पडते आणि पडलेल्या किमतीच्या जमिनीवर गरीब माणूस आणि लहान धंदा येतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागून त्यात काम करणाऱ्या बायका मृत्युमुखी पडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीतील भंगार दुकाने आणि शेडवर महापालिकेची मोठी कारवाई झाली. प्रदूषण व आगीच्या धोक्यामुळे ती आवश्यक होती असे एक मत. शहराचा टाकाऊ माल वेचून पुन्हा कारखान्यात पोहोचवणाऱ्या हजारोंना पर्यायी जागा न देता उठवले, असे दुसरे. लहान उद्योगाला परवडणारी, सुरक्षित आणि कायदेशीर जागा कोणती, याचे उत्तर दोन्ही बाजूंकडे अजून नाही.

चाकण: तोच धडा पुन्हा

चाकण हे संग्रामदुर्गाचे गाव. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे दीर्घकाळ लढवलेला हा भुईकोट. पुढे कांद्याची बाजारपेठ म्हणून त्याची ओळख. एमआयडीसीने इथे टप्प्याटप्प्याने जमीन घेतली. बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, पाठोपाठ महिंद्र. शेजारी तळेगावला जनरल मोटर्स आली आणि बंद पडली. तो कारखाना घेण्याचा करार २०२३ मध्ये ह्युंदाईने केला. आकुर्डीतले बजाजचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. उद्योगाचा भार जुन्या शहरातून चाकणकडे सरकत गेला आणि जुन्या कारखान्यांच्या जमिनी निवासी वापराखाली आणण्याची वाट खुली झाली.

२०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या सुमारे ४१ हजार होती आणि गाव ग्रामपंचायतीच्या ताब्यात होते. नगरपरिषद २०१५ मध्ये झाली, म्हणजे पहिला मोठा कारखाना सुरू झाल्यावर दीड दशकाने. पिंपरीच्या इतिहासात जे घडले तेच इथे घडले, फक्त इथे प्राधिकरणही नव्हते. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गावांत शेतकऱ्यांनी उरलेल्या जमिनीवर खोल्यांच्या रांगा बांधल्या. एका खोलीत बिहारचे, उत्तर प्रदेशचे, बीड-लातूरचे चार-पाच तरुण पाळीपाळीने झोपतात. मालकाला महिन्याचे भाडे हे कांद्याच्या भावापेक्षा भरवशाचे उत्पन्न आहे. या खोल्यांकडे कुठल्याही आराखड्याने घरबांधणीचा प्रश्न म्हणून पाहिलेले मला आढळले नाही, आणि हे मला या विषयातले सर्वांत मोठे मौन वाटते. पट्ट्यातील नव्या कामगाराचे घर म्हणजे ही खोलीच आहे.

जमिनीचे तीन मार्ग

नियोजनाला जमीन लागते आणि ती मिळवण्याचे इथे तीन मार्ग चालले. एमआयडीसी आणि प्राधिकरणाने सक्तीने संपादन केले. महापालिकेने विकास आराखड्यात आरक्षणे टाकली. तिसरा मार्ग नगररचना योजनेचा, ज्याला सगळे टीपी म्हणतात.

टीपी परकी कल्पना नव्हे. मुंबई इलाख्यात १९१५ मध्येच तिचा कायदा झाला. सर्व शेतकऱ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते-उद्यान-शाळेची जागा काढायची आणि उरलेली आखीव भूखंडांच्या रूपात मूळ मालकांना परत द्यायची. अहमदाबादने ती पिढ्यान्पिढ्या राबवली. जपाननेही युद्धानंतर शहरे बांधताना अशीच पद्धत वापरली. पुण्याच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी स्वतःच जमिनी एकत्र करून नगर उभे केले. ते टीपी योजनेखाली झाले नसले, तरी जमीनमालकाला भागीदार करण्याचा विचार तोच. पीएमआरडीएची म्हाळुंगे-माण योजना (हे हिंजवडीजवळचे म्हाळुंगे) हा अलीकडचा सरकारी प्रयत्न.

मे २०२५ मध्ये महापालिकेने संपूर्ण शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि हे सगळे प्रश्न एकदम वर आले. हजारोंच्या संख्येने हरकती आल्या. चिखली आणि चऱ्होलीच्या गावकऱ्यांनी टीपी योजनांना कडाडून विरोध केला आणि त्या गुंडाळाव्या लागल्या. मोशीत दाखवलेले कत्तलखान्याचे आरक्षण आळंदीच्या वारकऱ्यांच्या विरोधानंतर रद्द करण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली.

नियोजनकारांची बाजू अशी: आरक्षणाची जमीन विकत घ्यायला महापालिकेकडे पैसा नसतो, त्यामुळे जुन्या आराखड्यांतील कित्येक आरक्षणे कागदावरच राहिली. टीपीत मालकाची पूर्ण जमीन जात नाही आणि वाढलेल्या किमतीचा वाटा त्यालाच मिळतो. गावकऱ्यांची बाजू अशी: आमची वडिलोपार्जित घरे, विहिरी, गोठे या जमिनींवर आहेत, आधीच रेड झोन, पूररेषा आणि एमआयडीसीने बरेच नेले, उरलेल्याचा निम्मा भाग परत कुठे आणि कधी मिळेल याची खात्री कोण देणार? प्राधिकरणाच्या परताव्यासाठी दोन पिढ्या थांबलेल्या गावांना ‘नंतर देऊ’ हे शब्द पुन्हा ऐकवणे अवघड आहे. खेडच्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या (सेझ) गावांतही पंधरा टक्के परताव्यावरून असाच संघर्ष झाला. अहमदाबादेत टीपी चालते आणि इथे अडते याचे कारण कायद्याच्या कलमांपेक्षा या आठवणीत जास्त आहे, असे माझे मत आहे.

आणखी एक मुद्दा दोन्ही बाजूंनी मांडला गेला. महापालिकेत मार्च २०२२ पासून निवडून आलेले सभागृह नव्हते. प्रारूप आराखडा प्रशासकीय राजवटीत प्रसिद्ध झाला. काहींच्या मते त्यामुळे दबाव कमी राहिला आणि तांत्रिक काम नीट झाले. इतरांच्या मते शहराचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा लोकप्रतिनिधींच्या चर्चेविना काढणे हाच मूळ दोष.

हद्दीबाहेरची स्थिती याहून अनिश्चित आहे. ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झालेल्या पीएमआरडीएने २०२१ मध्ये आपला प्रारूप आराखडा जाहीर केला, त्यावर ६० हजारांहून अधिक हरकती आल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. चाकणभोवतालची गावे त्यामुळे आज पुन्हा जुन्या प्रादेशिक योजनेच्या आधारावर आहेत.

पाणी

पिंपरी-चिंचवडची तहान पवना धरणावर भागते. धरणातून सोडलेले पाणी नदीतून वाहत येते आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते. थेट धरणातून बंद जलवाहिनी आणावी ही योजना २००८ च्या सुमारास पुढे आली. तिचे समर्थन सरळ होते: वाटेतले सांडपाणी मिसळणार नाही, बाष्पीभवन आणि चोरी थांबेल, उताराने पाणी येईल तर विजेचा खर्च वाचेल. मावळातल्या शेतकऱ्यांचा आक्षेपही तितकाच सरळ होता: पाणी पाइपात गेले की नदीकाठची शेती आणि विहिरी कोरड्या पडतील. धरणासाठी जमीन दिली त्यांच्याच दारातून पाणी बंद नळीने शहरात जाणार.

९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. काम थांबले. शासनाने २०२३ मध्ये स्थगिती उठवली, तरी मावळचा विरोध संपलेला नाही. जे लोक हा वाद केवळ अभियांत्रिकीचा मानतात त्यांनी बऊरच्या त्या दिवसाची आठवण ठेवूनच बोलावे, असे मला वाटते. नदीतला किमान प्रवाह किती राहील हे लेखी, मोजता येईल असे आणि मावळच्या लोकांना तपासता येईल असे ठरल्याशिवाय तिथे विश्वास परत येणार नाही. असा करार झाल्याचे ऐकिवात नाही.

दरम्यान २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. सुरुवातीला तात्पुरता म्हटलेला हा निर्णय वर्षानुवर्षे चालू राहिला. वाकड, रावेत, पुनावळे, मोशी, चऱ्होलीच्या नव्या सोसायट्या टँकरवर खर्च करतात. पर्याय म्हणून आंद्रा धरणातून १०० आणि भामा आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर रोज पाणी आणायची योजना झाली. आंद्राचे पाणी इंद्रायणीत सोडून निघोजे बंधाऱ्यावर उचलतात आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध करतात.

इथे दोन प्रश्न उरतात. निघोजे चाकण एमआयडीसीला लागून आहे. देहूच्या वरच्या अंगापासून गावांचे सांडपाणी नदीत येते. ज्या कारणासाठी पवनेचे पाणी बंद नळीने आणायचे म्हणतात, ते कारण इंद्रायणीलाही लागू पडते. दुसरा प्रश्न वाटपाचा. भामा आसखेड खेड तालुक्यातले धरण, चाकणपासून फार दूर नाही. त्याचे पाणी पुण्याच्या पूर्व भागाला जाते आणि पिंपरी-चिंचवडसाठीही राखले आहे. चाकण आणि भोवतालच्या वाढत्या गावांचा वाटा कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवायचा? गावांची खरी लोकसंख्या कागदावर नसल्याने त्यांची मागणीही कागदावर कमीच दिसते.

पाणी वाचवण्याचा मार्ग, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना आणि बांधकामांना देणे, यावर कुणाचा मतभेद नाही. मतभेद नसलेले काम सावकाश चालते, एवढेच निरीक्षण इथे नोंदवतो.

नदी आणि पूररेषा

आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आता दरवर्षी बातमीत असतो. कार्तिकीला आलेला वारकरी त्याच पाण्यात स्नान करतो. फेसाचे कारण कारखान्यांचे सांडपाणी की गावे-शहरांचा घरगुती मैला, यावर यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवतात. लोणावळ्यापासून तुळापूरपर्यंत नदी इतक्या संस्थांच्या हद्दींतून जाते की कोणत्याही एकीने आपला वाटा साफ केला तरी फेस राहू शकतो.

पवना, इंद्रायणी आणि मुळा यांच्या नदीसुधार प्रकल्पांवरून दोन गट आहेत. समर्थकांच्या मते काठाने सांडपाणी अडवणाऱ्या वाहिन्या टाकल्या, राडारोडा काढला आणि लोकांना काठावर येता आले, तरच नदीबद्दल आस्था वाढेल. पर्यावरण अभ्यासक आणि नागरिक गट म्हणतात की भराव घालून पात्र आवळले तर पुराचे पाणी वस्तीत शिरेल आणि काठावरची जुनी झाडी एकदा तुटली की लावून परत येत नाही. पिंपळे निलख येथे मुळाकाठच्या झाडांसाठी २०२५ मध्ये नागरिक रस्त्यावर उतरले. सांडपाणी आधी अडवावे यावर दोन्ही गट सहमत आहेत. वाद काठ बांधण्याचा आहे.

पूररेषेचा प्रश्न त्याहून कठोर. १ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या, म्हणजे बांधकामास मनाई असलेल्या, पूररेषेतील बांधकामे पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही आणि १७ मे २०२५ रोजी ३६ बंगले जमीनदोस्त झाले. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला तो याच आठवड्यात. नदीच्या बाजूने हा निकाल महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. पण तिथे भूखंड विकले गेले, खरेदीखते नोंदली गेली, वीज जोडली गेली, आणि या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी सरकारी शिक्का मारला होता. पाडण्याची जबाबदारी निश्चित झाली. विक्री होऊ देण्याची झाली नाही.

वाहतूक

पिंपरी-चिंचवडने बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतली बससेवा, पुण्यापेक्षा नेटाने चालवली. सांगवी-किवळे मार्ग सप्टेंबर २०१५ मध्ये आणि दापोडी-निगडी मार्ग, न्यायालयात सुरक्षेच्या प्रश्नावर अडकून, ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाला. पुण्याने आपल्या काही मार्गिका काढून टाकल्या, इथल्या टिकल्या. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावली, सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत गेली, आणि निगडीपर्यंतचे काम मंजूर होऊन सुरू झाले. शहराच्या आतला प्रवास यामुळे सुधारला. जून २०२५ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे हरित कर्जरोखे काढले ते निगडी प्राधिकरणातील पायी व सायकल मार्गांच्या ‘हरित सेतू’साठी आणि टेल्को रस्त्यासाठी.

पण रोजगार चाकणला आहे आणि तिथे अजून यांतले काही पोहोचलेले नाही. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता तळेगाव चौकात एकमेकांना छेदतात. मोटारींनी भरलेले कंटेनर, कंपनीच्या बस, दुचाकी आणि कांद्याचे टेम्पो तिथे तासन्तास अडकतात. २ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठ पदरी उन्नत मार्गाला ७,८२७ कोटी रुपयांची मंजुरी दिली. उद्योजक संघटना आणि बहुतेक लोकप्रतिनिधींना हाच उपाय वाटतो. वाहतूक अभ्यासकांचा प्रश्न असा की उन्नत रस्ता लांबच्या गाड्यांना मोकळी वाट देईल, पण निघोजेतून म्हाळुंग्याला सायकलने जाणाऱ्या कामगाराचे काय? तो खालच्या रस्त्यावरच राहणार. भक्ती-शक्तीपासून वाकड, नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा वळसा घेत चाकणला जाणारी सुमारे चाळीस किलोमीटरची मेट्रो प्रस्तावित आहे. पुणे-नाशिक रेल्वेच्या जुन्या आखणीत चाकण होते. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला बाधा येईल या आक्षेपानंतर मार्गच अहिल्यानगरकडे वळवण्याचा विचार पुढे आला. मला स्वतःला साधे काम सर्वांत दुर्लक्षित वाटते: कंपन्यांच्या शेकडो बस आणि पीएमपीचे वेळापत्रक कुणी एकत्र बसून पाळीच्या वेळेशी जुळवलेले नाही.

कुणाचा आराखडा?

चाकणचे भवितव्य कोणत्या संस्थेकडे असावे, यावर सध्या तीन सूर आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी चाकण परिसरासाठी स्वतंत्र महापालिकेची गरज बोलून दाखवली. गावांतून त्यावर संमिश्र प्रतिक्रिया आहेत: पाणी-रस्ते हवेत, पण करवाढ आणि आरक्षणे नकोत, शिवाय मोठ्या कंपन्यांच्या करावर चालणारी ग्रामपंचायत हातची जाईल ही भीती. काहींना परिसर पिंपरी-चिंचवडमध्येच जोडावा असे वाटते. हिंजवडीसह सात गावांबाबत तशी मागणी जुनी आहे. तिसरा सूर पीएमआरडीएला बळकट करण्याचा. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्यासाठी कायदा केला, पण निवडून आलेल्यांची ही समिती पुण्याच्या परिसरात कधी प्रभावी झाली नाही.

या तिन्हींत एमआयडीसीचा उल्लेख कमी असतो, याचे मला आश्चर्य वाटते. आपल्या क्षेत्रापुरते नियोजन प्राधिकरण तीच आहे. भूखंड तीच देते, पाणी तीच देते, आणि तिच्या कुंपणाबाहेर कामगार कुठे राहणार हे ठरवण्याचे बंधन तिच्यावर नाही. महापालिका कोणतीही झाली तरी हे कुंपण तसेच राहणार का, यावर कुठल्याही पक्षाने स्पष्ट भूमिका घेतलेली नाही.

मोजणी बाकी आहे

पाण्याचा वाटा, शाळांची संख्या, मेट्रोची प्रवासीसंख्या, महापालिकेचा निकष, या सगळ्या वादांत दोन्ही बाजू २०११ ची जनगणना घेऊन बोलतात. २०२१ ची झालीच नाही. पुढची जनगणना २०२७ मध्ये, १ मार्च ही संदर्भ तारीख धरून होणार असल्याची अधिसूचना निघाली आहे. तिच्या आधी घरयादीचे काम होते आणि तिथे प्रगणकापुढे म्हाळुंग्यातली ती खोली येईल: भाडेकरारावर एकाचे नाव, आत राहणारे पाच, त्यांतले दोघे रात्रपाळीला गेलेले, दोघे सणासाठी गावी. मतदार यादीत त्यांचे नाव गोपाळगंजला किंवा अंबाजोगाईला. त्यांची नोंद इथे होते की तिथे, यावर निघोजे बंधाऱ्यातल्या पाण्यावर कुणाचा किती हक्क, हे बरेचसे ठरेल.